झाड कधी लावायचं?

"गणपतीचं मखर चतुर्थीच्या आठ दिवस आधी उभं राहतं की नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"राहतं. पण मूर्ती चतुर्थीलाच येते," माझी बायको म्हणाली.

"मग झालं तर. ख्रिसमस ट्री हे मखर समज. बाळ येशू चोवीसच्या रात्री."

"पप्पा, मखरासमोर कुणी आधीच आरत्या म्हणत नाही. आपल्याकडे एक तारखेला झाड लागतं आणि दोन तारखेपासून नाताळच सुरू होतो. पंचवीस उजाडेपर्यंत मुलं कंटाळलेली असतात."

हा वाद आमच्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी निघतो आणि डिसेंबरभर पुरतो. सासरे वसईत, आपल्या वाडीत राहतात. मराठी शाळेतून निवृत्त झाले, आता केळी आणि तगरीची झाडं बघतात. आम्ही स्टेशनजवळ सोसायटीत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. वाचकाला वाटेल की म्हातारा कडक आणि लेक मोकळी असणार. आमच्याकडे उलटं आहे. लेक चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते आणि तिला चार आठवडे काटेकोर पाळायचे असतात. सासऱ्यांचं म्हणणं, मुलांच्या आनंदाला तारीख लावू नये.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नाताळाआधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस मिळून आगमनकाळ होतो. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण असतो. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, आणि उपासनेचं नवं वर्षही त्याच दिवशी. धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, रविवारच्या मिस्सातलं गौरवगीत थांबतं. 'आलेलुया' मात्र चालू राहतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तेही बंद असतं. म्हणजे हा काळ धड उपवासाचा नाही, धड सणाचाही नाही. दोन्ही पक्षांना आधार सापडतो तो इथेच.

"१९६९ साली चर्चनं उपासना-वर्षाचे नियम नव्याने काढले," बायको म्हणाली. "त्यात स्पष्ट आहे, हा काळ भक्तीने आणि आनंदाने वाट पाहण्याचा."

"आनंदाने. ऐकलंत ना?" सासरे माझ्याकडे वळून म्हणाले.

"वाट पाहण्याचा, पप्पा. तेही ऐका."

"बाय, आमच्या लहानपणी घरात ना मेणबत्त्यांचं चक्र होतं, ना कॅलेंडर. पहिला रविवार झाला की बांबू फाडायचे, चांदणीचा सांगाडा बांधायचा, खळ शिजवायची, पतंगाचा कागद चिकटवायचा. तुझी आजी करंज्यांचं सारण भाजायची. आम्ही पोरं ओळीने बसून काट्याच्या पाठीवर कुलकुल वळायचो. गाणी म्हणत, भांडत. हे सगळं नाताळाच्या आधी. ते चुकीचं होतं?"

"वळून झाल्यावर खायचात?"

"छे! तळून गार झाले की डब्यात. डबा माळ्यावर."

"कधीपर्यंत?"

सासऱ्यांच्या लक्षात आलं, पण उशिरा. "मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत," ते म्हणाले. मग घाईने, "फुटलेल्या करंज्या मिळायच्या हं आधी."

"आणि तुम्ही मुद्दाम फोडायचात."

"थोड्या."

माझ्या मते इथे बायकोने डाव जिंकला, आणि तो सासऱ्यांच्याच आठवणीच्या जोरावर. त्या घरात आगमनकाळ पाळत होते, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. हाताला काम आधीपासून असायचं, तोंडाला चव शेवटी. आज बेकरीच्या काचेत केक नोव्हेंबरातच लागतो. शाळेला सुट्टी लागायच्या आत ख्रिसमसचा कार्यक्रम उरकायचा असतो, म्हणून तिथला सांता विसाव्या तारखेच्या आसपास येऊन चॉकलेटं वाटून जातो. मॉलमधला तर त्याच्याही आधी हजर. खुद्द नाताळ येतो तेव्हा मुलांचे दोन-तीन नाताळ होऊन गेलेले असतात.

"म्हणून काय शाळेत जाऊन सांगणार, आमच्या मुलांना गाणी म्हणायला लावू नका?" सासरे म्हणाले. "कॅरोल गाणारी पोरं दाराशी आली की दार लावून घेणार? तुमच्या मजल्यावर तुम्ही एकटेच ख्रिस्ती. शेजारची मुलं तुमच्याकडे झाड बघायला येतात. त्यांना काय सांगशील, आमचा जांभळा रंग चालू आहे?"

यावर बायकोकडे उत्तर नव्हतं. तिने विषय बदलला, म्हणजे उलटा प्रश्न विचारला. "तुमच्या घरी झाड कसलं असायचं?"

"सुरूची फांदी. किनाऱ्यावरून आणायची."

"किती दिवस टिकायची?"

"आठवड्यात सुकते, मग झडते. म्हणून आम्ही बावीस-तेवीसला..." सासरे पुन्हा थांबले.

मला वाटतं, या वादातलं खरं पात्र प्लास्टिकचं झाड आहे. ते सुकत नाही, म्हणून त्याला तारीख नाही. जर्मनीत प्रॉटेस्टंट घरांतून ही झाडाची रीत पसरली. कॅथलिकांनी ती बऱ्याच उशिरा घेतली. रोमच्या सेंट पीटर चौकात पहिलं झाड उभं राहिलं ते १९८२ साली, दुसऱ्या जॉन पॉल पोपच्या काळात. खरं झाड तोडून आणायचं तर दिवस मोजूनच आणावं लागतं. दुकानातून आणलेलं, पोटमाळ्यावरच्या खोक्यातलं झाड कधीही उघडता येतं. वसईत काय किंवा बर्लिनमध्ये काय, डिसेंबर आधीच सुरू होण्यात भक्तीपेक्षा त्या खोक्याचा हात मोठा असावा.

मेणबत्त्यांच्या चक्रावर मात्र सासऱ्यांनी परतफेड केली. पानांचं गोल कडं, त्यावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक जास्त लावायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. धर्मगुरूही त्या दिवशी गुलाबी झगा घालू शकतात. बायको हे कडं दर वर्षी जेवणाच्या टेबलावर मांडते.

"हे काढलं कुणी ते माहीत आहे ना? हॅम्बुर्गच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने."

"योहान हिनरिख विखर्न," बायको शांतपणे म्हणाली. तिला नाव पाठ होतं. "१८३९ साली. गरिबांच्या मुलांसाठी त्याने आश्रम काढला होता. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. त्याने एक जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या आणि रोजच्या छोट्या लावल्या. मुलांना दिवस मोजता यायला लागले. कॅथलिक चर्चमध्ये ते चक्र १९२५ साली कलोनला पहिल्यांदा लागलं. चांगलं असेल तर प्रॉटेस्टंटांकडून घ्यायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही. पण हॅम्बुर्गला डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. तिथे एक मेणबत्ती वाढली की पोराच्या डोळ्यांना कळतं. आपल्याकडे सहाला सूर्य मावळतो, आणि मावळला की तू ट्यूबलाइट लावतेस."

"म्हणूनच बंद करते. जेवणाआधी, प्रार्थनेपुरती. पंखाही."

"पंखा कशाला?"

"ज्योत हलते."

हे मी पाहिलेलं आहे. दिवे बंद झाले की आमच्या सोसायटीतही अंधार पडू शकतो, याचं मुलांना दर वेळी नवल वाटतं. काडी कोणी ओढायची यावर भांडण होतं, विझवायची कोणी यावर त्याहून मोठं. मुलाला प्रार्थनेपेक्षा फुंकर महत्त्वाची वाटते. सासऱ्यांना ही बाब माहीत नव्हती. कळल्यावर त्यांचा विरोध बराच मावळला. मुलांना हाताने काही करायला मिळत असेल तर त्यांना कुठलाही सुधारक चालतो. कड्यासाठी प्लास्टिकची पानं आणू नको, वाडीतून सुरू आणि तगरीच्या डहाळ्या पाठवतो, एवढी अट त्यांनी घातली. डहाळ्या दर रविवारी बदलाव्या लागतील, हे त्यांनी सांगितलं नाही. एकूण हे सगळं करणार कोण, हा प्रश्न त्या संध्याकाळी दोघांपैकी एकानेही काढला नाही. उत्तर त्यांना माहीत होतं.

खरी वादावादी झाली ती काड्यांवरून.

गोठ्यातली गव्हाण पहिल्या रविवारी रिकामी मांडायची. घरात कुणी काही चांगलं केलं, स्वतःहून एखादी गोष्ट सोडली, तर पेंढ्याची एक काडी त्यात टाकायची. चोवीसच्या रात्री येशूला झोपायला मऊ अंथरूण तयार. युरोपातल्या कॅथलिक घरांतून आलेली ही रीत आहे, आणि बायकोला ती फार आवडते. भात झोडून झालेलं असतं, पेंढा सासऱ्यांच्या वाडीतूनच येतो.

"पेंढा मी देईन," सासरे म्हणाले. "पण हे मला पसंत नाही."

"का?"

"गेल्या वर्षी तुझी मुलगी फोनवर मला म्हणाली, माझ्या अकरा काड्या झाल्या, त्याच्या चारच. मी विचारलं, अकरावी कशाची? म्हणाली, मी त्याला सांगितलं की तुझ्या चारच आहेत, आणि तो रडला तर त्याला उगी केलं."

मला हसू आवरलं नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"ती लहान आहे, पप्पा."

"लहान आहे म्हणूनच. मी वर्गात फळ्यावर चांदण्या काढायचो, चांगलं वागणाऱ्याच्या नावापुढे. काय झालं? मी बघत असलो की पोरं एकमेकांच्या पेन्सिली उचलून द्यायची. आधी पाडायची, मग द्यायची. बंद केलं. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू काय सांगतो? उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. आणि तू त्याच येशूच्या अंथरुणात हिशेबाची वही घालतेस."

"पण मग पाच वर्षांच्या मुलाला हे शिकवायचं कसं? दिसत नाही ते त्याच्यासाठी नसतंच. त्याला हातात काडी हवी. काहीतरी सोडलं, ते कुठेतरी गेलं, तिथे साठलं, त्याचं कुणालातरी ऊबदार अंथरूण झालं. याच्याइतकं सोपं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. तुम्ही म्हणता ते मोठ्यांचं पुण्य."

"आणि गेल्या वर्षी तो काय म्हणाला होता? ताईने मला मारलं, तिची एक काडी काढा."

"म्हणाला होता."

"काढलीस?"

"नाही."

"का नाही? हिशेब तर हिशेब."

बायको थोडा वेळ बोलली नाही. ही जागा मला महत्त्वाची वाटते, कारण इथे दोघेही बरोबर होते आणि दोघांनाही ते दिसत होतं. मुलांना धर्म वस्तूंतूनच कळतो. फुलं, मेण, पेंढा, डबा. वस्तू मोजता येते, आणि मोजता आली की मूल तिची शर्यत करतं. मुलाच्या हातून वस्तू काढून घेतली तर उरतो तो उपदेश. तो मुलं ऐकत नाहीत, मोठेही नाहीत.

"तू स्वतः टाकतेस काडी?" सासऱ्यांनी विचारलं.

"टाकते."

"मुलांना माहीत आहे?"

"नाही. ती झोपल्यावर टाकते."

"मग त्यांच्यासमोर टाक. कशाबद्दल ते सांगू नको. विचारलं तरी सांगू नको. सगळ्यांचा पेंढा एकाच जुडीतला ठेव, आणि कुणी किती टाकल्या ते कुणी विचारायचं नाही. काढायची तर नाहीच."

"म्हणजे तुमची परवानगी आहे?"

"मोजणार नसाल तर." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हेही टाकतील."

चॉकलेटच्या कॅलेंडरवर फार वेळ गेला नाही, कारण तिथे दोघांचं एकमत होतं आणि एकमताचं बोलणं लांबत नाही. म्युनिकच्या गेरहार्ड लांगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील आगमन-कॅलेंडर बाजारात आणलं. लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर चोवीस गोड वड्या लावून द्यायची, त्यावरून त्याला सुचलं, असं सांगतात. आता ते मोठ्या दुकानांत मिळतं, रोज एक खिडकी, रोज एक चॉकलेट. बायकोचा आक्षेप निराळाच होता. ते नेहमी एक तारखेला सुरू होतं आणि चोवीस दिवसांचंच असतं. खरा आगमनकाळ कमीत कमी बावीस आणि जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांचा. २०२३ मध्ये तो ३ डिसेंबरला लागला आणि चौथा रविवार नेमका चोवीसला आला. सकाळी जांभळा झगा, रात्री पांढरा. आधल्या वर्षी, २०२२ मध्ये, नाताळच रविवारी होता, म्हणून पूर्ण चार आठवडे मिळाले. छापखान्याला हे परवडत नाही.

मग गोष्टींचा विषय निघाला, आणि सासरे खुर्चीत पुढे सरकले.

बायकोला यंदा इशायाचं झाड करायचं होतं. दाविदाचा बाप इशाय. त्याच्या बुंध्याला धुमारा फुटेल, असं यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. एका वाळक्या फांदीवर रोज एक चित्र टांगायचं: आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, रूथ, दावीद. जुन्या करारातून चालत चालत बेथलेहेमपर्यंत यायचं.

"बाय, याला इंग्रजी पुस्तक कशाला लागतं? हे तर फादर स्टीफन्सनी करून ठेवलंय."

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडहून आलेला जेझुइट. १५७९ साली गोव्यात पोचला आणि तिथेच राहिला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं, मराठी ओव्यांत, जवळजवळ अकरा हजार. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या पुराणांची सवय होती. ती सुटली, तर त्या जागी आमच्या भाषेत काही तरी द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्याचे दोन भाग आहेत, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत. येशू जन्मतो तो दुसऱ्यात.

"पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत," सासरे म्हणाले. "छत्तीस! तेवढं सगळं ऐकेपर्यंत श्रोत्याला तो जन्मच दिसत नाही. ही माणसं चुकतात, पळतात, गुलाम होतात, परत येतात, पुन्हा चुकतात. एवढं झालं की मग बाळाचा जन्म. आपण पोरांना थेट गोठ्यात नेऊन उभं करतो. कशाची वाट पाहत होते लोक, हे त्यांना ठाऊकच नसतं."

"मी हेच म्हणतेय की, पप्पा. तासाभरापासून!"

"तू झाडाबद्दल बोलत होतीस. मी गोष्टीबद्दल बोलतोय."

माझ्या दृष्टीने हे त्या संध्याकाळचं सर्वांत चांगलं वाक्य. वाट पाहायला लावायचं तर कशाची ते आधी सांगावं लागतं. नुसतं 'थांबा, अजून नाही' म्हणणं म्हणजे शिस्त. ती शाळेतही मिळते. १७ डिसेंबरच्या मिस्सात येशूची वंशावळ वाचतात. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. लोक जांभया देतात. सासऱ्यांनी मात्र ती शाळेत मुलांना गोष्टीसारखी सांगितलेली आहे, कारण त्या बापांच्या रांगेत मरियेच्या आधी चार बायका उभ्या आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. एकीचीही गोष्ट सोवळी नाही. मुलांना किती सांगायचं आणि किती वगळायचं यावर बापलेकीत पुन्हा जुंपली. रूथ चालेल, राहाब दोरीपुरती चालेल, तामार मुलगी मोठी झाल्यावर. रोज रात्री गोष्ट सांगायचं काम आजोबांकडे गेलं, फोनवरून.

दाण्यांबद्दल वाद नव्हताच. सासऱ्यांच्या घरी गोठ्यातलं गवत कधी विकत आणलं नाही. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवायचे, ताटात माती घालून पसरायचे, रोज पाण्याचा हात मारायचा. बारा-तेरा तारखेच्या सुमारास पेरले तर चोवीसला चार बोटं हिरवं उभं राहतं. लवकर पेरले तर नाताळापर्यंत पिवळं पडून आडवं होतं. उशीर झाला तर नुसती खुंटं. गोव्यातही गोठ्यासाठी नाचणी पेरतात. क्रोएशियात गहू १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी, पेरतात, तर फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये ४ तारखेला, संत बार्बराच्या दिवशी. आणि आमच्या शेजारच्या काकूंना हे नव्याने सांगावंच लागत नाही, त्यांच्याकडे घटस्थापनेला उगवतंच. ताट पाहून त्यांनी बायकोला पहिला प्रश्न विचारला तो मातीत शेणखत घातलं का, हा.

"मेणबत्ती तू लावतेस तेव्हा लागते," सासरे म्हणाले. "खिडकी पोरं हवी तेव्हा उघडतात. कोंब मात्र कुणाचं ऐकत नाही. तुझा मुलगा रोज माती उकरून बघेल बघ."

"उकरतोच."

"उकरू दे. दोन-चार दाणे जातील."

हे असंच मिटलं असतं. पण मुलीने मागच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलेला प्रश्न बायकोच्या मनात अडकून होता, तो तिने आता काढला. पहिल्या रविवारची वाचनं गोठ्याबद्दल नसतात, जगाच्या अंताबद्दल असतात. १६ डिसेंबरपर्यंत चर्चची नजर मुख्यतः तिकडेच, प्रभूच्या दुसऱ्या येण्याकडे. जन्माची जवळची तयारी सतरापासून. मुलीने विचारलं होतं, तो परत येणार तो कधी?

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मोठी झालीस की कळेल. लहान मुलांना ते सूर्य काळवंडणार, तारे पडणार, कशाला सांगायचं? मी तो भाग गाळते. गोठा, मरिया, योसेफ, मेंढपाळ, बस."

"म्हणजे सगळं कडक पाळणारी तू, आणि अर्धा आगमनकाळच गाळतेस."

इतका वेळ गमतीने बोलणारे सासरे हे मात्र गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. तो बोटीवर कामाला होता. किनारपट्टीच्या कॅथलिक घरांत तेव्हा असं कुणी तरी असायचंच. करार संपला की तो यायचा, पण बोट कुठल्या बंदरात अडकेल, कधी सोडेल, काही ठरलेलं नसे. पत्र यायचं ते महिन्यापूर्वीचं. त्यांची आई दर शनिवारी त्याची गादी उन्हात टाकायची. भाताचं एक माप जास्त शिजवायची. नाताळाला तो आला तर, म्हणून माळ्यावरच्या डब्यातला त्याचा वाटा सणानंतरही तिथेच असायचा.

"आम्हाला कुणी सांगितलं नाही की मोठे झालात की कळेल. आम्हाला माहीत होतं, तो येणार आहे, कधी ते माहीत नाही, म्हणून गादी तयार. पोरांना एवढं कळतं. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू दुसरं काय सांगतो? तो दिवस कुणाला ठाऊक नाही, जागे राहा. तुझ्या कॅलेंडरात चोवीस खिडक्या, तुझ्या चक्रात चार मेणबत्त्या, माझ्या ताटात बारा दिवसांचं गवत. हे सगळं तारीख माहीत असलेलं वाट पाहणं. ते सोपं आहे. तारीख नसलेलं कुठून शिकणार पोरं?"

"आणि भीती वाटली तर?"

"भावाची आम्हाला कधी भीती वाटली नाही."

बायकोने लगेच मान्य केलं असं नाही. भाऊ आणि न्यायाधीश एक नव्हेत, ती म्हणाली, आणि शेवटच्या न्यायाची चित्रं बघून तिला स्वतःला लहानपणी झोप येत नसे. ती चित्रं सासऱ्यांनीच दाखवली होती, पुस्तकातली. त्यांना आठवत नव्हतं. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. मुलांना घाबरवून जागं ठेवणाऱ्या धर्मशिक्षणाचा अनुभव आमच्या पिढीला पुष्कळ आहे. पण गाळणं हा त्यावरचा उपाय नाही, हेही खरं. शेवटी गादीची गोष्ट आजोबांनी पहिल्या रविवारी सांगायची ठरली, नोहाच्या आधी. ताऱ्यांचं पुढे बघू.

झाडावरचा वाद मात्र आहे तिथेच राहिला, म्हणून मी मध्ये पडलो. चर्चच सतरा तारखेला वळण घेत असेल तर झाडही सतराला लावावं. गोठा आधी मांडावा पण गव्हाण रिकामी. दिवे चोवीसपर्यंत लावू नयेत. दोघेही नाराज झाले. सासऱ्यांना सतरा फार उशिरा वाटत होती, बायकोला फार लवकर.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "पण मग सव्वीसला काढायचं नाही. नाताळ पंचवीसला संपत नाही, सुरू होतो. जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार येईपर्यंत झाड उभं राहील, दिव्यांसकट. सोसायटीत लोक विचारतील, अजून काढलं नाही? विचारू देत."

सासऱ्यांनी बोटांवर आठवडे मोजले. "मग करंज्या दोनदा कराव्या लागतील," ते म्हणाले. "एकदाच करून डबा जानेवारीपर्यंत पुरवायचा म्हणशील तर मी आत्ताच सांगतो, मी फोडणार."